१९३२ च्या फोर्ड रोडस्टरचा पूर्वेतिहास कसा तपासावा?

आपण लिहिल्याप्रमाणे, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोजवळच्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या मुलांकडून आपण १९३२ ची फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची दोन आसनी गाडी, विकत घेतली. मालकीच्या कागदावर '१८-' आणि त्यापुढे २६ ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक आहे, पण तो चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, दिसत नाही. ही गाडी १९४४ साली एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर वेगाच्या शर्यतींत धावली होती आणि तिचा फोटो 'कुठल्याशा मासिकात' छापून आला होता, असे घरचे सांगतात. सोबत दारावर तीन आकडी क्रमांक रंगवलेल्या अशाच एका गाडीचा कृष्णधवल फोटोही आपल्याला मिळाला आहे. आपली फसवणूक झाली आहे का आणि या कथेतले खरे किती, असे आपले दोन प्रश्न आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या हॉट रॉड गाड्यांची दुरुस्ती आणि त्यांच्या इतिहासाची तपासणी हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका आणि आतले जुने कापड किंवा रबर काढून टाकू नका. कारखान्यातून आली तशीच राहिलेल्या गाडीचा इतिहास बराचसा कंपनीच्या नोंदींवरून कळू शकतो. हॉट रॉड मात्र घरामागच्या शेडमध्ये कोणीतरी कापून, जोडून, हलकी आणि वेगवान करून घेतलेली गाडी असते, त्यामुळे तिचा इतिहास मूळ भागांपेक्षा तिच्यात केलेल्या बदलांत साठलेला असतो. बुजवलेले भोक, गॅस कटरने कापलेल्या ब्रॅकेटचा उरलेला तुकडा, डॅशबोर्डच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा या गोष्टी नव्या मालकाला कचरा वाटतात आणि पहिल्याच आठवड्यात नाहीशा होतात. विकत घेणाऱ्यांच्या उत्साहाने जितके पुरावे नष्ट झाले आहेत, तितके गंजाने झाले नसतील.

आता क्रमांकाकडे येऊ. फोर्डने मार्च १९३२ च्या अखेरीस व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाची गाडी बाजारात आणली. तिचे अधिकृत नाव 'मॉडेल १८' होते आणि तिच्या क्रमांकाची सुरुवात '१८-' अशी होत असे. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण हीच मालिका १९३६ च्या पुढेही सलग चालू राहिली. १९३२ च्या गाड्या साधारण २ लाख ३ हजारांपर्यंत संपतात, १९३३ च्या साडेचार लाखांच्या थोड्या पुढे जातात आणि १९३६ ची मालिका सुमारे २२ लाख ७ हजारांपासून ३३ लाखांच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या कागदावरचा २६ लाखांच्या घरातला क्रमांक १९३२ च्या गाडीचा असूच शकत नाही. तो १९३६ चा आहे. यावरून गाडी बनावट आहे असे मात्र ठरत नाही.

त्याचे कारण असे. कारखान्यात हा क्रमांक इंजिनामागच्या क्लच हाउसिंगवर आणि चासीच्या डाव्या रेलच्या, म्हणजे लांब आडव्या पट्टीच्या, वरच्या बाजूवर ठोकला जाई. चासीवरचा क्रमांक बॉडीखाली किंवा वर्षानुवर्षांच्या रंगाखाली दडलेला असल्याने नोंदणी करणारा कारकून समोर सहज दिसेल तो, म्हणजे लोक ज्याला 'इंजिन नंबर' म्हणत तोच, लिहून घेई. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील अनेक राज्यांत गाड्या इंजिन क्रमांकावरच नोंदवल्या जात होत्या. सतरा आकडी-अक्षरी एकसारखा क्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून आला. हॉट रॉड करणारा तरुण भंगारवाल्याकडून १९३६ च्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स आणून १९३२ च्या चासीत बसवी आणि नोंदणी कार्यालयात जाऊन नवा क्रमांक लिहून घेई. पुढे ते इंजिनही बदलले जाई, पण कागद तसाच राही. तेव्हा आपला कागद फसवणुकीपेक्षा असे सुचवतो की एका टप्प्यावर या गाडीत १९३६ ची यंत्रणा होती आणि कोणीतरी ते प्रामाणिकपणे नोंदवले. इतिहासाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

याची खात्री चासीवरचा मूळ क्रमांक सापडल्यावरच होईल. त्यासाठी बहुधा बॉडीचे बोल्ट सैल करून ती थोडी उचलावी लागेल. क्रमांकाच्या आधी आणि नंतर ताऱ्याची खूण असते. गाडी मूळची चार सिलिंडरच्या 'मॉडेल बी' प्रकारातली असेल, तर क्रमांक वेगळ्या अक्षरांनी सुरू होईल. तसे आढळल्यास निराश होऊ नका, कारण स्वस्तात मिळणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्यांतच पुष्कळ मुलांनी व्ही-८ बसवले होते. क्रमांक मुळीच सापडला नाही, रेलचा पत्रा आतून अगदी नितळ निघाला आणि कुठेच जुनी भोके नसली, तर मात्र विचार करावा लागेल. या मॉडेलच्या नव्या दाबून काढलेल्या चासी रेल कित्येक दशकांपासून मिळतात आणि ओहायोतील ब्रूकव्हिल येथे पोलादी बॉडीही नव्याने तयार होतात. नवी चासी आणि नवी बॉडी घेऊन बांधलेली गाडी उत्तम असू शकते, पण तिला १९४० च्या दशकाचा इतिहास असू शकत नाही.

कागद आणि चासी जुळवण्यासाठी स्वतः क्रमांक ठोकण्याचा सल्ला आपल्याला गॅरेजमधले कोणीतरी नक्की देईल. तसे करणे कायद्याने गुन्हा आहे. मूळ क्रमांक वेगळा निघाला, तर कॅलिफोर्नियात मोटर वाहन विभाग आणि हायवे पेट्रोलमार्फत तपासणी करून नोंद दुरुस्त करून घेता येते. त्याला वेळ लागतो, पण नंतर ती फाईलच आपल्या बाजूचा पुरावा ठरते.

चासी उघडी पडली की तिचे वाचन सुरू होते. १९३२ च्या फोर्डमध्ये कारखान्यातून यांत्रिक ब्रेक येत. हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने १९३९ मध्ये आणले आणि ते मागे नेऊन जुन्या गाड्यांना बसवणे हा हॉट रॉडवाल्यांचा जवळपास नियमच होता. त्यामुळे मास्टर सिलिंडरचे ब्रॅकेट कसे बनवले आहे ते पाहा. हाताने कापलेल्या पट्टीचे, रिव्हेट मारलेले किंवा जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगचे ब्रॅकेट आणि कॅटलॉगमधून मागवलेले तयार ब्रॅकेट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नंतर इंजिनाच्या माउंटिंगकडे वळा. फोर्डचे फ्लॅटहेड इंजिन (ज्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात), १९४९ मध्ये आलेले ओल्ड्समोबिल किंवा कॅडिलॅकचे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे व्ही-८ आणि १९५५ मध्ये आलेले शेव्हरोलेचे छोटे व्ही-८ यांच्या माउंटिंगच्या जागा वेगवेगळ्या असतात. आज गाडीत फ्लॅटहेड असले आणि रेलच्या आतल्या बाजूला शेव्हरोलेच्या माउंटिंगचे कापलेले डाग दिसले, तर मधल्या काळात काय घडले ते आपोआप कळते. फ्लॅटहेड पाहताना हेड ब्लॉकला आवळणारे स्टड, म्हणजे बोल्ट, मोजा. २१ स्टडचे इंजिन १९३८ पर्यंतचे आणि २४ स्टडचे त्या सुमारापासून पुढचे. ब्लॉकवर '५९' हा आकडा ठळक ओतलेला असेल, तर ते युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांचे.

इथे एक सावधगिरी हवी. सुट्या भागावरून 'याच्या आधी नाही' एवढेच सांगता येते, 'तेव्हाच' असे नाही. एडलब्रॉक किंवा वायअँड या कंपन्यांचे जुने इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा भाग), हॅलिब्रँडचे क्विक-चेंज रिअर एंड (गिअर पटकन बदलता येणारा मागचा आस), स्ट्युअर्ट-वॉर्नरची मीटरे या साऱ्या वस्तू जुन्या बाजारात पैसे टाकून आजही मिळतात, आणि गेल्याच वर्षी बसवलेले १९४८ चे मॅनिफोल्ड गाडीच्या १९४८ मधल्या आयुष्याबद्दल काहीच सांगत नाही. भागापेक्षा तो बसवण्यासाठी मूळ पत्र्यात केलेला बदल अधिक बोलका असतो. सगळ्यांत मोलाचा म्हणजे आता रिकामा पडलेला, ज्या भागासाठी केला तो भाग कधीच निघून गेलेला बदल. खोटा इतिहास रचणारा माणूस भाग विकत आणतो. निरुपयोगी भोके पाडून ती दोनदा बुजवण्याइतके कष्ट तो सहसा घेत नाही.

कोरड्या तळ्यावर धावलेल्या गाडीच्या काही खास खुणा असतात. खालून झाकण लावण्यासाठी बॉडीच्या काठाला पाडलेली ओळीतली भोके, गाडी ढकलून सुरू करण्यासाठी मागे लावलेल्या बारचे ठसे, पुढे ओढून नेण्याच्या दांड्याची जागा, आणि काच व हेडलॅम्प पटकन काढता यावेत म्हणून बदललेले बोल्ट. चासीच्या बंद कोपऱ्यांत एल मिराजची फिकट, पिठासारखी बारीक माती आजही सापडते. ती सापडली तर डबीत भरून, कुठून काढली ते लिहून ठेवा. फक्त तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, कारण मोहावी वाळवंटात नंतर कधी फिरायला नेलेल्या गाडीतही ती असू शकते.

डॅशबोर्डवर छोट्या पितळी पट्ट्या असल्या, तर त्यांचे स्क्रू अजिबात काढू नका. शर्यतीचे आयोजक वेग, तारीख आणि संस्थेचे नाव कोरलेली अशी पट्टी देत आणि पोरे ती अभिमानाने डॅशवर लावत. मात्र नक्कल करणेही सोपे असल्याने आधी काठावरून भिंगाने पाहा. पट्टीच्या कडेला रंग साचला आहे का, भोवतालचा रंग उडाला असताना पट्टीखालचा ताजा राहिला आहे का, हे तपासावे लागते. ते काम शक्यतो माझ्यासारख्या माणसाला समोर बसून करू द्या.

रंगाचे थर तपासण्यासाठी डिक्कीच्या आत किंवा काउलच्या (बॉनेट आणि काच यांच्या मधल्या पत्र्याच्या) खालच्या काठाला, सहज न दिसणाऱ्या जागी, नखाएवढा गोल अगदी बारीक पॉलिश पेपरने ओला घासत जावा. थर कांद्याच्या चकतीसारखे एकाभोवती एक उघडे पडतात आणि त्यांचा चांगल्या उजेडात फोटो घेता येतो. हीच चाचणी दार, काउल आणि मागचा भाग अशा तीन ठिकाणी करावी. तिन्ही ठिकाणी खालच्या थरांचा क्रम सारखा निघाला, तर बॉडीचे हे भाग पहिल्यापासून एकत्र आहेत. दाराचा क्रम वेगळा निघाला, तर ते दुसऱ्या गाडीचे आहे. दाराबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्या फोटोतला क्रमांक दारावरच आहे. पत्र्यातला खळगा शिशाने भरलेला असला तर काम बहुधा जुने असते, कारण प्लॅस्टिकची पुट्टी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पसरली; तरी जुन्या हाताच्या कारागिरांनी शिसे पुढेही सोडले नाही, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

फोटोचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मडगार्ड नसलेली, खाली बसवलेली, काळपट दिसणारी १९३२ ची रोडस्टर त्या काळात लॉस एंजेलिसच्या परिसरात पुष्कळ होती. 'हीच ती गाडी' असे म्हणण्यासाठी नुसते साम्य पुरत नाही. दुसऱ्या गाडीत योगायोगाने येऊ शकणार नाही अशी खूण जुळावी लागते. फोटो उत्तम स्कॅनरवर, कमीत कमी १२०० डीपीआयला, पाठीसह स्कॅन करा. मग बॉनेटच्या बाजूंवरचे लुव्हर, म्हणजे हवेच्या कापलेल्या फटी, मोजा. कारखान्याच्या फटी ठरावीक साच्यातल्या असतात, पण नंतर प्रेसवर हाताने पाडलेल्या फटींची संख्या, त्यांतले अंतर आणि एखाद्या फटीचा तिरकेपणा ही त्या एका बॉनेटचीच ओळख असते. तथापि बॉनेटही सुटते आणि विकले जाते, म्हणून बॉडीवर कायम असलेल्या गोष्टींकडे जावे: काचेची चौकट किती कापली आहे आणि तिचे पाय काउलवर नेमके कुठे बसतात, डॅश कोणत्या गाडीचा आणून जोडला आहे, मागच्या दिव्यांची उंची, पेट्रोल टाकीचे झाकण, दारावर बुजवलेल्या मुठीची जागा. गाडी त्याच कोनात उभी करून, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर ठेवून नवा फोटो काढावा आणि दोन्ही एकावर एक ठेवून पाहावेत. निदान दोन-तीन कायमच्या खुणा जुळल्या आणि एकही विरोधात गेली नाही, तरच मी लेखी मत देतो. विरोधात जाणाऱ्या एका खुणेचे स्पष्टीकरण देता येत असेल, उदाहरणार्थ नंतर बुजवलेले भोक, तर ते स्पष्टीकरण पत्र्यावर दाखवता आले पाहिजे.

फोटोच्या पाठीवरचा डेव्हलपिंग करणाऱ्या दुकानाचा शिक्का आणि कडेच्या पट्टीवर छापलेला महिना-वर्ष तारीख ठरवायला मदत करतात. नंबर प्लेट दिसत असेल तर आणखी चांगले: कॅलिफोर्नियाची १९५६ पासूनची प्लेट पिवळ्यावर काळ्या अक्षरांची, १९६३ पासूनची काळ्यावर पिवळ्या अक्षरांची आणि १९६९ च्या सुमारापासून निळ्यावर पिवळ्या अक्षरांची. फोटो कृष्णधवल असला तरी गडद कोणते आणि फिके कोणते हे कळते. गाडीवर आज असलेल्या प्लेटला मात्र फारसे महत्त्व देऊ नका, कारण गाडीच्या वर्षाची जुनी प्लेट विकत घेऊन कायदेशीरपणे लावण्याची सोय त्या राज्यात आहे.

आता घरच्यांच्या कथेविषयी. एल मिराज, मुरॉक, हार्पर ही मोहावी वाळवंटातली कोरडी तळी. तिथल्या शर्यतींचे नियमन करण्यासाठी काही क्लबांनी मिळून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. युद्धामुळे पेट्रोलचे रेशनिंग आले, तरुण लष्करात गेले, मुरॉक लष्कराच्या ताब्यात गेले आणि १९४२ नंतर युद्ध संपेपर्यंत या संस्थेच्या शर्यती बंद होत्या. त्यामुळे १९४४ सालची अधिकृत शर्यत ही गोष्ट जशी सांगितली आहे तशी खरी असू शकत नाही. घरचे खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही; वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीत दोन-तीन वर्षे मागेपुढे होतातच. १९४६ ते १९५० या काळात शोध घ्यावा. दारावरचा क्रमांक संस्थेने दिलेला असे, आणि आदल्या हंगामातील गुणांनुसार तो दरवर्षी बदलू शके. म्हणून क्रमांक आणि वर्ष ही जोडी एकत्र मिळाल्याशिवाय नावापर्यंत पोहोचता येत नाही. संस्था प्रत्येक स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका आणि निकाल छापत असे; त्यात स्पर्धकाचे नाव, क्लब, गाडीचा वर्ग आणि वेग मिळतो. तिथे सापडले नाही, तर युद्धानंतर सुरू झालेल्या रसेटा टायमिंग असोसिएशनच्या नोंदी पाहाव्यात. वेगाच्या आकड्याकडेही डोळसपणे पाहा. त्या काळी रस्त्यावर चालणाऱ्या चांगल्या रोडस्टरने ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, गाठले तर ती मोठी कामगिरी होती. कोणी आजोबांच्या गाडीचा वेग ताशी १६० मैल सांगू लागले, तर मी कौतुकाने मान डोलावतो आणि वहीत काही लिहीत नाही.

मासिकांचा शोध कंटाळवाणा असला तरी सरळ आहे. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ चा, म्हणजे त्याआधी त्यात काही येणे शक्य नाही. 'हॉप अप' १९५१ चे, 'रॉड अँड कस्टम' आणि 'कार क्राफ्ट' १९५३ ची. लेखांची शीर्षकेच पाहून थांबू नका. स्पर्धांच्या वृत्तांतातले टपाल तिकिटाएवढे फोटो आणि सुट्या भागांच्या जाहिराती यांत गाड्या जास्त सापडतात. पोमोना येथील वॉली पार्क्स एनएचआरए मोटरस्पोर्ट्स म्युझियम आणि लॉस एंजेलिसचे पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियम यांना पत्र लिहिताना 'माझ्या गाडीची माहिती हवी' असे न लिहिता क्रमांक, संभाव्य वर्षे आणि स्कॅन केलेला फोटो पाठवा. नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

माणसांकडे जाताना नेहमी आजपासून मागे, एकेक मालक करत जावे. आपण त्या गृहस्थांच्या मुलांना भेटा आणि वडिलांनी गाडी कोणाकडून, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी घेतली एवढेच विचारा. शर्यतीचे नाव आधी काढू नका. आपण जे सुचवाल ते समोरच्याला 'आठवू' लागते. विम्याची पावती, जुना नोंदणीचा कागद, टायरचे बिल, लग्नाच्या अल्बममध्ये मागे उभी असलेली गाडी हे सारे मागून घ्या आणि मूळ प्रत त्यांना परत करा. सरकारी दप्तरातून जुन्या मालकांची नावे मिळतील अशी आशा फार धरू नका, कारण १९९४ च्या केंद्रीय गोपनीयता कायद्यामुळे वैयक्तिक माहिती सहसा दिली जात नाही आणि इतक्या जुन्या नोंदी बहुधा राहिलेल्याही नसतात.

साखळी पक्की असली की काय होते, हे हॉट रॉड बनवणारे डोन स्पेन्सर यांच्या १९३२ च्या रोडस्टरवरून दिसते. स्पेन्सर यांच्याकडून ती लिन वाइनलँड, मग नील ईस्ट आणि शेवटी ब्रूस मायर यांच्याकडे गेली. प्रत्येक हस्तांतर माहीत होते, फोटो विपुल होते, आणि १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात हॉट रॉडचा वर्ग पहिल्यांदा ठेवला गेला तेव्हा याच गाडीने तो जिंकला. बॉब मॅगी यांची रोडस्टर ऑक्टोबर १९४८ मध्ये 'हॉट रॉड'च्या मुखपृष्ठावर आली. नंतर डिक स्क्रिचफील्ड यांच्याकडे तिचे रूप पुष्कळ बदलले आणि १९७१ मध्ये ती युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १६७ मैलांपुढे धावली. ती पुढे १९४८ च्या रूपात परत नेली गेली. तो निर्णय मला मान्य असला, तरी त्यात मधली वर्षे झाकली जातात हेही खरे. आपली गाडी कोणत्या काळात न्यायची हा प्रश्न आपल्यालाही पडेल. तपास पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नये असे माझे मत आहे.

आज हाती आहे त्यावरून मी इतकेच म्हणेन: फसवणुकीचा पुरावा नाही, १९३६ च्या यंत्रणेचा टप्पा बराच संभाव्य आहे, १९४४ ची शर्यत बाद आहे आणि फोटो अजून कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. विमा कंपनीला किंवा पुढच्या ग्राहकाला लिहून देताना 'एल मिराजवर धावलेली' असे शब्द तूर्त वापरू नका. बॉडी उचलाल तेव्हा डाव्या रेलवर वायर ब्रश, ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग वापरू नका. ठोकलेले आकडे उथळ असतात आणि एका फेरीत पुसले जातात. रंग काढण्याचे द्रावण आणि सुती कापड पुरेसे आहे. आकडे दिसू लागले की टॉर्च बाजूने तिरपी धरून फोटो घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवा, आणि तो फोटो व आपल्या जुन्या कृष्णधवल फोटोचे स्कॅन मला पाठवा. मग काचेच्या चौकटीची कोणती मापे घ्यायची ते कळवतो.